बेचाळीस किलोमीटर आणि चिल्लर कारणं

जानेवारी २०२४ मधल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये मी फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, पूर्ण केली. वेळ सहा तासांपेक्षा जेमतेम कमी. त्यातलं बरंचसं पळाले, काही चालले, आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये जे केलं त्याला दोन्हीपैकी काहीच म्हणता येणार नाही. सराव कसा करावा, आठवड्याला किती किलोमीटर, काय खावं, यावर वाचायला ढीगभर आहे. माझी अडचण वेगळी होती. पहाटे साडेचारला गजर झाल्यावर उठायचं ते कशाच्या जोरावर, हे मला कळत नव्हतं. आणि ज्यांना कळलं होतं, ते जे बोलायचे ते ऐकून मला आणखीच झोप यायची.

माझ्याबद्दल थोडंसं, म्हणजे अंदाज येईल. वय चव्वेचाळीस. डोंबिवली पूर्वेला राहते, मुलुंडला एका बँकेच्या शाखेत काउंटरवर असते. घरी नवरा, सासूबाई आणि त्या वर्षी बारावीत गेलेला मुलगा. शाळेत खो-खो खेळायचे. त्यानंतरचं पळणं लोकल पकडण्यापुरतं.

आदल्या वर्षी, १५ जानेवारी २०२३ ला, मी हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, केली होती. ऑफिसातल्या तिघीचौघी जात होत्या म्हणून मीही गेले, इतकं साधं. हाफ माहीमच्या रेतीबंदरावरून अंधारात सुटते आणि थोड्याच वेळात तुम्ही वांद्रे-वरळी सी-लिंकवर असता. एरवी तिथे पायी पाऊल टाकायला बंदी. त्या पुलावर, दोन्हीकडे काळं पाणी आणि हजारो बुटांचा आवाज ऐकत पळताना फार बरं वाटलं. पावणेतीन तासांच्या आसपास वेळ लागला. सोमवारी कामावर गेले, विषय संपला.

विषय परत सुरू झाला तो महिन्याअखेरीस, रक्ताच्या रिपोर्टवरून. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.१. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस नाही, पण दार वाजवतोय. माझ्या वडिलांची शेवटची वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाण्यात गेली होती. त्यामुळे तो आकडा वाचून मला जे व्हायचं ते झालं. त्याच आठवड्यात मी घरी जाहीर केलं की पुढच्या जानेवारीत फुल करणार. सासूबाई म्हणाल्या, "कर की." नवरा म्हणाला, "बघू." 

आता मला वाटलं, इतकं मोठं कारण मिळालंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आणि खरंच, फेब्रुवारी-मार्चमध्ये मी गजर व्हायच्या आधी उठत होते. डोंबिवली-ठाकुर्लीच्या बाजूला नव्वद फुटी रस्ता आहे. पहाटे तिथे चालणारे, पळणारे, सायकलवाले सगळेच असतात, त्यामुळे बाईमाणसाला त्यातल्या त्यात निर्धास्त वाटतं. शेजारच्या इमारतीतली एक मैत्रीण बरोबर यायची. आठवड्यातून तीन दिवस पाच-सहा किलोमीटर, रविवारी दहा-बारा. हे छान चाललं, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झाला: एप्रिलअखेर परत तपासलं तर आकडा ५.६. डॉक्टर खूश. म्हणाले, रोज पाऊण तास चाललात तरी पुरे, मॅरेथॉनची काही गरज नाही.

झालं. माझं मोठं कारण डॉक्टरांनीच काढून घेतलं. मे महिन्यात गजर वाजायचा, मी बंद करायचे, आणि मनात अगदी शास्त्रशुद्ध विचार यायचा की पाऊण तास चालणं तर संध्याकाळीही होतं.

मग मी प्रेरणा शोधायला लागले. आमच्या रनिंग ग्रुपवर रोज सकाळी कुणीतरी सुविचार टाकतं, ते वाचले. धावपटू ललिता बाबरच्या मुलाखती बघितल्या. साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव, दुष्काळी भाग. तिथून ती २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचली. अविनाश साबळे या धावपटूबद्दल वाचलं, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेत पळत जायचा. ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हतीच, हेही तेव्हाच कळलं आणि चांगलाच राग आला. हे सगळं रात्री दहा वाजता वाचताना अंगावर काटा यायचा. पहाटे साडेचारला त्यातलं काहीही उपयोगी पडत नाही. ललिता बाबर पळायची ते तिच्यात काहीतरी आहे म्हणून. माझ्यात ते नाही, हे पहाटे फार स्पष्ट दिसतं.

यातून सुटका झाली ती बँकेच्या काउंटरवर. १९ मे २०२३ ला संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून काढून घ्यायचं जाहीर केलं आणि २३ तारखेपासून आमच्याकडे बदलून घ्यायला लोक यायला लागले. एका वेळी वीस हजारांपर्यंत. गर्दी २०१६ च्या नोटाबंदीसारखी नव्हती, पण दिवसभर तेच काम. एक भाजीवाल्या बाई दोनच नोटा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "वर्षभर घरात पडून हाय ताई. घेत कुणी नाय. सुटे कोण देनार?" त्यांना शंभराच्या नोटा मोजून देताना माझ्या डोक्यात आलं की माझंही हेच झालंय. वडील, डायलिसिस, आयुष्य हे एवढं मोठं कारण घेऊन मी पहाटेच्या बाजारात उभी आहे आणि तिथे ते कोणी घेत नाही. तिथे चिल्लर लागते.

त्यानंतर मी उदात्त काही शोधायचं सोडून दिलं आणि क्षुल्लक कारणं गोळा करायला लागले. ती लिहायला जरा लाजच वाटते, पण चालली ती हीच.

पहिलं कारण पाण्याचं. आमच्या सोसायटीत पाणी पहाटे पाच ते सव्वासहा असतं. मी घरी असले की पिंप, हंडे, टाकी सगळं मीच बघते. मी पावणेपाचला बाहेर पडले की ते नवऱ्याकडे जातं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा त्याला कळलं की मोरीतला नळ डावीकडे पूर्ण फिरवला की गळतो. या एका विचाराने मला कितीतरी दिवस अंथरुणातून उठवलं आहे.

दुसरं, नव्वद फुटीवर रोज फेऱ्या मारणारे एक आजोबा. बोलणं काही नाही, पण मी एक दिवस गेले नाही की दुसऱ्या दिवशी हात वर करून विचारायचे, "काल दांडी?" मला नोकरीत वरिष्ठांनी विचारलेलं चालतं. आजोबांनी विचारलेलं चालत नव्हतं.

तिसरं, मुलगा. बारावीचं वर्ष सुरू झाल्यापासून नातेवाइकांचा एकच सूर होता: "यंदा बारावी आहे ना घरात? आणि तू पळतेस?" जणू मी पळून चाललेय. हे मनाला लागायचं. पण त्यालाही पहाटे उठून अभ्यास करायचा होता आणि त्याच्यानेही उठवत नव्हतं. मग आमचं ठरलं की मी निघताना त्याला हाक मारायची आणि मी परत येईपर्यंत त्याने चहा टाकायचा. मी लोळत पडले तर तोही लोळणार. आई म्हणून एवढं अपराधीपण उपयोगात आणायला हरकत नाही.

आणि चौथं कारण मला बऱ्याच उशिरा, जुलैत कळलं. मैत्रिणीच्या नवऱ्याची बदली झाली, ती गेली आणि मी एकटीच उरले. भीती होतीच. कुत्र्यांची जास्त, माणसांची थोडी. खिशात बिस्किटाचा पुडा ठेवायचे, मोबाईल कमरेच्या पट्ट्यात, त्याचं लोकेशन नवऱ्याला सुरू, घंटी बंद. एका रविवारी चौदा-पंधरा किलोमीटर पळून आल्यावर बघितलं तर सहा मिस्ड कॉल. घाबरत उघडलं. वहिनींचे दोन, सासूबाईंचे तीन (किसणी कुठे आहे), मुलाचा एक (आजीला किसणी सापडली). मी बराच वेळ जिन्यात उभी राहून हसले. त्या दोन तासांत मला कोणीही "आई", "वहिनी", "मॅडम" म्हणून हाक मारली नव्हती, आणि किसणी सापडली होती. त्या दिवसापासून मला लांबचे रन आवडायला लागले. कुणी विचारलं तर मी "तब्येतीसाठी" असंच सांगायचे, कारण "तुम्ही कोणी नसता म्हणून" हे घरात कसं सांगणार.

ऑगस्टमध्ये नोंदणी सुरू झाली. इथे नवीन लोक गोंधळतात, म्हणून तपशिलात सांगते. मुंबईत फुलसाठी नुसते पैसे भरून चालत नाही. आधी वेळ मोजलेली शर्यत केल्याचं प्रमाणपत्र लागतं. माझ्याकडे जानेवारीच्या हाफचं होतं, ते जोडलं. नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच लिहा. माझ्या आधारवर वडिलांचं नाव आणि पॅनवर नवऱ्याचं, असा घोळ आहे. मी आधार धरलं आणि शेवटपर्यंत तेच वापरलं. रक्तगट, आपत्कालीन संपर्क, टी-शर्टचा साईज, अंदाजे किती वेळ लागेल, आणि आजारांबद्दलची प्रश्नावली. आपत्कालीन संपर्कात त्या दिवशी जो स्वतः पळत नसेल अशाच माणसाचा नंबर द्या. हे सांगायची गरज पडू नये, पण आमच्या ग्रुपात एका जोडप्याने एकमेकांचे दिले होते. भरलेलं शुल्क परत मिळत नाही आणि आपला नंबर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे आणखी एक चिल्लर कारण हातात आलं: पैसे गेलेत.

त्यानंतर वाट बघायची. प्रमाणपत्राची पडताळणी होऊन पक्का मेल यायला वेळ लागला. मी रोज बघत होते. इतरांचे आले होते, माझा शेवटी स्पॅममध्ये सापडला. एवढा मोठा अर्ज भरला, पण त्यात "का पळायचं आहे" असा रकाना कुठेही नव्हता, याचं मला फार बरं वाटलं.

त्या वर्षी जुलै धो धो आणि ऑगस्ट कोरडा ठणठणीत गेला. जुलैत पाणी साचलं की मी इमारतीचे जिने चढले-उतरले. ऑगस्टमध्ये पाऊस नाही, पण हवेत इतका दमटपणा की सात किलोमीटरला कपडे पिळून निघायचे. सप्टेंबरमध्ये गौरी-गणपती, घरचा दीड दिवसाचा गणपती आणि माहेरच्या गौरी. त्या आठवड्यात बूट बाहेर काढलेच नाहीत. मोदक खाल्ले. नंतर पहिल्या रनला पाय जड झाले आणि दोन आठवड्यांत परत जागेवर आले, त्यामुळे सणासुदीचा खाडा पडला म्हणून कोणी घाबरू नये.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचा त्रास वेगळा होता. त्या वर्षी मुंबई आणि आसपासची हवा फार बिघडली होती, पेपरात रोज एक्यूआयचे, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचे, आकडे यायचे. आमच्याकडे एमआयडीसीचा वासही असतो. ज्या पहाटे घसा खवखवायचा त्या दिवशी मी नुसते व्यायाम करून घरी थांबायचे. डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं ते याच सुमारास. फिजिओथेरपिस्टकडे एका वेळचे पाचशे रुपये. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही, कमरेचे आणि मांडीचे स्नायू कमजोर आहेत म्हणून व्यायाम दिले. कंटाळवाणे, पण महिनाभरात दुखणं गेलं. त्याच वेळी सतत थकवा म्हणून डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ठीक, फेरिटिन तळाला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. बायकांनो, मन कच्चं आहे म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी ही तपासणी करून घ्या. मला वाटत होतं माझी जिद्द संपली. संपलं होतं लोह.

खर्चाचं बोलायचं तर वर्षभरात बुटांचे दोन जोड झाले, साडेसहा-सात हजारांचा एकेक. पहिला जोड झिजला की दिसत नाही, पोटऱ्या सांगतात. सगळ्यात कामाचा खर्च म्हणजे चांगल्या दोन स्पोर्ट्स ब्रा. त्यात काटकसर करू नये, आणि काखेत, मांड्यांना व्हॅसलीन लावल्याशिवाय लांब जाऊ नये. एनर्जी जेल शंभराच्या वर एक पडतं आणि मला ते गिळवत नाही. मी बिनबियांचा खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि ओआरएसवर भागवलं. नुसतं पाणी ढोसत राहू नका. तासनतास घाम गेल्यावर फक्त पाणीच पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते तहानेपेक्षा वाईट.

डिसेंबरमध्ये रविवारचे लांब रन ग्रुपबरोबर मुंबईत. पहाटेची पहिली लोकल, सीएसएमटीवरून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळीपर्यंत आणि परत. ग्रुपमुळे पाण्याची सोय होते. बायकांची खरी अडचण स्वच्छतागृहाची. पुरुष झाडामागे जाऊन येतात, आपण नकाशात पेट्रोल पंप शोधतो. आम्ही दोघीतिघींनी रस्त्यावरचे पंप आणि ते पहाटे किती वाजता उघडतात याची यादीच करून ठेवली होती, आणि ती ग्रुपवरच्या कुठल्याही सुविचारापेक्षा जास्त वेळा फॉरवर्ड झाली.

नाताळच्या आदल्या दिवशी ३२ किलोमीटर होतं. सरावातलं सगळ्यात मोठं अंतर. त्यानंतर शर्यतीपर्यंत कमी कमी करत जायचं असतं. त्या दिवशी सव्वीसच्या पुढे माझ्याकडची सगळी चिल्लर संपली. पाण्याचा नळ, आजोबा, भरलेले पैसे, काही म्हणजे काही आठवेना. वरळीच्या कट्ट्यावर बसले. रडू आलं नाही, राग आला. मग वडील आठवले. डायलिसिसच्या सुया टोचायला फिस्टुला केलेला त्यांचा हात, आणि दर खेपेला मशीनवर चार तास बसून यायचे तेव्हा म्हणायचे ते, "आजचं झालं." उद्याचं, परवाचं कधी बोलले नाहीत. मी उठले आणि समोरच्या विजेच्या खांबापर्यंत गेले. मग पुढच्या. त्या दिवशी प्रेरणा वगैरे काही नव्हती. खांब होते आणि ते मोजकेच होते. साडेचार तासांहून जास्त वेळ लागला, पण ३२ झाले.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला स्वतः बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) जावं लागतं. शर्यतीच्या आधी तीन दिवस प्रदर्शन असतं. शनिवारी झुंबड उडते, म्हणून मी शुक्रवारी अर्धी रजा टाकली. कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा. मेलची प्रत आणि मूळ ओळखपत्र लागतं. मोबाईलमधल्या फोटोवर वाद घालणारे एक गृहस्थ माझ्यापुढे होते, त्यांच्यामुळे रांग अडली. वेळ मोजायची चिप बिबच्या मागेच चिकटवलेली असते, ती दुमडायची नाही. मागच्या बाजूला आजार, औषधं, संपर्क लिहायची जागा असते, ती रिकामी ठेवू नका. बाकी स्टॉलवर वस्तू खूप असतात. शर्यतीला दोन दिवस असताना नवीन काहीही घेऊ नये, कारण घेतलं की घालावंसं वाटतं.

रविवार, २१ जानेवारी. मॅरेथॉनच्या दिवशी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते. कल्याणहून तीनच्या सुमारास निघणारी मी डोंबिवलीला पकडली. एरवी त्या वेळी झोपलेले किंवा दूधवाले असतात, त्या दिवशी अख्खा डबा व्हॅसलीन लावत होता. मुलगा मला स्टेशनवर सोडायला आला आणि म्हणाला, "मी जागाच राहतो, केमिस्ट्री आहे." आझाद मैदानावर रांगा, सामान जमा करणं, स्वच्छतागृहाची आणखी एक रांग. तिथे लवकर उभं राहा. पाचनंतर आम्ही सुटलो.

पहिले वीस किलोमीटर काही सांगण्यासारखे नाहीत. फोर्ट, मरीन ड्राइव्ह, पेडर रोडचा पहिला चढ, हाजी अली, वरळी, सी-लिंक. मी ठरवून सावकाश गेले, दर पाच किलोमीटरला एक मिनिट चालायचं आणि एक खजूर. सी-लिंक उतरून माहीमच्या बाजूला आल्यावर मागून मोटारसायकली आणि गाडीचा आवाज आला आणि एलिट, म्हणजे जिंकायला आलेले व्यावसायिक धावपटू बाजूने गेले. ते आमच्यानंतर दोन तासांनी, सातनंतर सुटतात. बुटांचा आवाज जवळजवळ नाही, मान हलत नाही. सगळे थांबून टाळ्या वाजवत होते. त्या वर्षी इथिओपियाचा हेले लेमी बेरहानू जिंकला, २ तास ७ मिनिटं ५० सेकंद. तो संपवून मोकळा झाला तेव्हा मी तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, प्रभादेवीत संत्र्याची फोड चोखत होते.

शिवाजी पार्क, प्रभादेवी या पट्ट्यात लोक घरातून खुर्च्या आणून बसलेले असतात. चिक्की, मीठ लावलेली काकडी, गूळ, बिस्किटं, स्प्रे, ढोल. एका आजींनी माझ्या तोंडात खडीसाखर घातली, विचारलंही नाही. तेहतीसला पाय लाकडासारखे झाले. याला धावणारे "वॉल" म्हणतात. स्नायूंमधला साखरेचा साठा बहुतेक याच टप्प्यात संपतो. आणि त्यानंतर, छत्तीसच्या आसपास, सगळे घाबरवतात तो पेडर रोडचा दुसरा चढ. ऊन डोक्यावर आलेलं. 

इथे एक गंमत झाली. मी वर्षभर पळाले ते कोणी हाक मारू नये म्हणून. बिबवर आपलं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, आणि पेडर रोडवर दोन्ही बाजूंची अनोळखी माणसं ते वाचून ओरडत होती. नुसतं नाव. पुढे "वहिनी" नाही, "मॅडम" नाही. एका लहान मुलीने ते चुकीचं वाचलं, तरी मी तिच्याकडे बघून हात केला. किसणी शोधायला लावण्यासाठी नसलेली ती हाक मला इतकी हवीशी वाटली की मी चालता चालता परत पळायला लागले. चढ संपेपर्यंत नाही, पण संपत आला तिथपर्यंत.

बाबुलनाथ, चौपाटी. मरीन ड्राइव्ह पहाटे सुंदर असतो आणि अकरा वाजता नुसता लांब असतो. तिथे मी पुन्हा खांबांवर आले. चर्चगेट, फाउंटन, आणि मग सीएसएमटी. पदक गळ्यात पडलं तेव्हा मला पहिला विचार आला तो बसायला कुठे मिळेल हा.

घरी जाताना लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मी सरळ खाली बसले. समोरच्या बाईंनी पदक बघितलं, विचारलं, "कितवा नंबर आला?" मी सांगितलं, हजारो लोकांच्या मागे. "मग हे कशाबद्दल?" मी म्हटलं, पोचल्याबद्दल. त्यांना ते पटलं नाही आणि मला त्यात वाद घालण्यासारखं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अयोध्येतल्या सोहळ्यानिमित्त राज्यात सुट्टी जाहीर झाली होती म्हणून बँक बंद होती. नाहीतर रजा टाकूनच ठेवा, कारण दोन दिवस जिना उतरताना उलटं, कठड्याला धरून उतरावं लागतं. उजव्या पायाची दोन नखं काळी पडली, महिन्याभराने गळून नवीन आली. मुलाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, तोपर्यंत मी पुन्हा पहाटे त्याला हाक मारून बाहेर पडायला लागले होते, आता फक्त पाच किलोमीटरसाठी.

प्रमाणपत्र काही दिवसांनी बिब नंबर टाकून ऑनलाइन काढता येतं. ते लगेच उतरवून घ्या आणि नीट जपून ठेवा, कारण पुढच्या नोंदणीला तेच जोडावं लागतं. मी मोबाईलमध्ये ठेवलंय, एक प्रत स्वतःला मेलही करून ठेवलीय.